सोनोग्राफीच्या आधी सकाळी आठचे रक्त

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाळी दोन महिने लांबली, हनुवटीवर चार राठ केस दिसले, गालांवर पुटकुळ्या आल्या, की आपल्याकडे मुलीची वरात थेट सोनोग्राफी सेंटरवर जाते. पोटभर पाणी पिऊन बसायचे, लघवी दाबून धरायची आणि संध्याकाळी हातात रिपोर्ट: ‘दोन्ही अंडाशये मोठी, पीसीओडीसारखी’. मग मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी सुरू होते, पाळी आणायच्या गोळ्या सुरू होतात आणि आईच्या डोक्यात ‘अंडाशयावर गाठी’ हे शब्द कायमचे बसतात. पंधरा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत तपासणीचा हा क्रमच उलटा आहे. त्यात मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या दोन लहानशा ग्रंथींकडे कोणाचेच लक्ष जात नाही. या अ‍ॅड्रिनल म्हणजे अधिवृक्क ग्रंथींबद्दल सविस्तर लिहायचे आहे. पत्र लांबेल, त्याबद्दल आधीच क्षमस्व.

आधी त्या ‘गाठीं’चे. सोनोग्राफीत दिसतात त्या गाठी नसतात. स्त्रीबीजे ज्यात वाढतात त्या दोन ते नऊ मिलिमीटरच्या पिशव्या असतात आणि वयात येणाऱ्या मुलीच्या अंडाशयात त्या भरपूर असणे हेच स्वाभाविक आहे. म्हणूनच पीसीओएसच्या (पीसीओडीचेच वैद्यकीय नाव) आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने २०१८ मध्ये, आणि २०२३ च्या सुधारित आवृत्तीतही, स्पष्ट सांगितले आहे की पहिल्या पाळीनंतरची आठ वर्षे सोनोग्राफीवरून हे निदान करू नये. बाराव्या वर्षी पाळी आली असेल तर विसाव्या वर्षापर्यंत. एएमएच या रक्तचाचणीलाही किशोरवयात हेच लागू आहे. पोटात दुखते, पाळी आलीच नाही किंवा ट्यूमरची शंका आहे, अशा कारणांसाठी सोनोग्राफी जरूर करावी. मात्र किशोरवयात पीसीओएस म्हणायला दोन्ही गोष्टी हव्यात: पाळीची खरी अनियमितता आणि पुरुषी हार्मोन वाढल्याची खूण. शिवाय तशीच लक्षणे देणारे दुसरे आजार आधी वगळलेले हवेत. हे तिसरे कलम बहुतेक वेळा वाचलेच जात नाही.

‘खरी अनियमितता’ म्हणजे काय, याचेही आकडे ठरलेले आहेत. पाळी सुरू झाल्यानंतरचे पहिले वर्ष मागेपुढे होणारच, त्याला आजार म्हणायचे नाही. पहिल्या वर्षानंतर तिसरे वर्ष पूर्ण होईपर्यंत दोन पाळ्यांतले अंतर २१ दिवसांपेक्षा कमी किंवा ४५ पेक्षा जास्त असेल तर लक्ष द्यावे. तीन वर्षांनंतर वरची मर्यादा ३५ दिवसांची. पहिले वर्ष उलटल्यावर एकदा जरी ९० दिवसांहून जास्त खंड पडला तरी तपासणी हवी. पंधरा वर्षे पूर्ण झाली आणि पाळीच नाही, किंवा स्तनांची वाढ सुरू होऊन तीन वर्षे झाली तरी पाळी नाही, तर ‘आमच्या घरात उशिराच येते’ म्हणून थांबू नये. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पहिल्या दिवसाला पेनाने गोल केला तरी पुरते. ते सहा-आठ गोल डॉक्टरांना सोनोग्राफीच्या फिल्मपेक्षा जास्त सांगतात.

आता या ग्रंथी. प्रौढ व्यक्तीत एकेकीचे वजन चार-पाच ग्रॅम. बाहेरच्या सालीत तीन थर: वरचा थर अल्डोस्टेरॉन बनवतो आणि शरीरातले मीठ व पाणी सांभाळतो, मधला कॉर्टिसोल बनवतो आणि आजारपणात, उपाशीपोटी रक्तदाब व साखर टिकवून धरतो, आतला थर डीएचईए हे सौम्य पुरुषी हार्मोन बनवतो. गाभ्यातून अ‍ॅड्रिनॅलिन येते. मुलींच्या बगलेतले व जांघेतले केस बऱ्याच अंशी या आतल्या थराचे देणे आहे. साधारण सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान हा थर जागा होतो आणि पुढची काही वर्षे वाढत राहतो. तेव्हा पुरुषी हार्मोन वाढले म्हणजे दोष अंडाशयाचाच, हे गृहीत धरता येत नाही.

सगळ्यात जास्त निसटतो तो जन्मजात अ‍ॅड्रिनल अतिवृद्धीचा सौम्य प्रकार. नाव भारदस्त असले तरी प्रकार समजायला सोपा आहे. कोलेस्टेरॉलपासून कॉर्टिसोल टप्प्याटप्प्याने तयार होते, पाटाचे पाणी एकेक दार ओलांडत शेवटच्या शेताला पोहोचावे तसे. २१-हायड्रॉक्सिलेज हे एन्झाइम त्यातले एक दार. ते जन्मतः अर्धवटच उघडत असेल तर मागे पाणी तुंबते आणि बाजूची चारी फोडून पुरुषी हार्मोनच्या शेतात शिरते. शेवटच्या शेतातून ओरड येते, म्हणून मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी एसीटीएचच्या रूपाने वरून आणखी पाणी सोडते, त्याने चारी आणखी फुटते. दाराच्या मागे तुंबलेल्या पदार्थाचे नाव १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन, प्रयोगशाळेच्या भाषेत १७-ओएचपी. तो मोजला की दार अडले आहे की नाही ते कळते.

सौम्य प्रकारात कॉर्टिसोल बहुधा पुरेसे बनते, त्यामुळे मुलगी वरवर ठणठणीत असते. तक्रारी सगळ्या पीसीओएसच्याच: पाळी लांबणे, लव राठ होणे, मुरुमे. सोनोग्राफीत तिचीही अंडाशये तशीच दिसू शकतात, म्हणजे तीच फिल्म इथे दिशाभूल करते. नुसते बघून दोन्ही वेगळे ओळखता येत नाहीत. पण आईला नीट विचारले तर धागे सापडतात. आठ वर्षांच्या आत जांघेत केस किंवा घामाला मोठ्या माणसासारखा वास आला होता का? पहिली-दुसरीत मुलगी वर्गात सगळ्यांत उंच होती आणि मग वाढ लवकर थांबली का? आई-वडील नात्यातले आहेत का? घरात एखादे बाळ जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत उलट्या होऊन, सुकून गेले होते का? हा शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही आणि घरातले आपणहून सांगत नाहीत.

जगभरात पुरुषी हार्मोन वाढलेल्या स्त्रियांची तपासणी केली तेव्हा शंभरात साधारण चौघींना हा सौम्य प्रकार आढळला. म्हणजे ९६ जणींना तो नसणार, हे खरेच. पण एका रक्तचाचणीने ज्याचा निकाल लागतो तो प्रश्न वर्षानुवर्षे उघडा का ठेवायचा?

ती चाचणी मात्र नीट व्हायला हवी आणि गफलती होतात त्या इथेच. रक्त सकाळी आठपर्यंत घेतलेले हवे, कारण हा पदार्थ पहाटे चढतो आणि दुपारपर्यंत उतरतो. घरी येऊन रक्त नेणारा मुलगा साडेदहाला उगवला तर त्याला चहा पाजावा आणि दुसऱ्या दिवशी लवकर बोलवावे. पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसातले रक्त सर्वांत चांगले. पाळीच्या उत्तरार्धात अंडाशयातूनही १७-ओएचपी येते आणि निरोगी मुलीचा आकडाही फुगतो. पाळी येतच नसेल तर डॉक्टरांच्या गोळीने रक्तस्राव झाल्यावर घ्यावे, किंवा त्याच नमुन्यात प्रोजेस्टेरॉन मोजावे म्हणजे दिवसाचा अंदाज येतो. या चाचणीला उपाशी राहण्याची गरज नाही. स्टेरॉइडची (म्हणजे कॉर्टिसोलसारखे काम करणाऱ्या औषधाची) गोळी, सांध्यातले इंजेक्शन, दम्याचा पंप, त्वचेचे मलम यांपैकी काहीही चालू असेल तर ते सांगावे, कारण त्याने आकडा खोटा खाली येऊ शकतो. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना टेस्टोस्टेरॉन मोजण्यात अर्थ नाही, त्या बंद करून तीन महिने थांबावे लागते. आणि केस गळतात म्हणून खाल्ल्या जाणाऱ्या बायोटिनच्या पाच-दहा मिलिग्रॅमच्या गोळ्या! काही यंत्रांवर त्या टेस्टोस्टेरॉन आणि कॉर्टिसोल खोटे वाढवून दाखवतात, तर टीएसएच हा थायरॉइडच्या तपासणीचा आकडा खोटा कमी. दोन-तीन दिवस आधी बंद कराव्यात.

आकडा वाचताना एकक बघावे. काही प्रयोगशाळा नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर देतात, काही प्रति डेसिलिटर, आणि दोहोंत शंभर पटींचा फरक आहे. २ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजेच २०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर. वेळेवर आणि योग्य दिवशी घेतलेल्या रक्तात आकडा २०० च्या खाली असेल तर आजाराची शक्यता फार कमी. १००० च्या वर असेल तर निदान जवळपास झालेच. मधल्या आकड्याला एसीटीएचचे इंजेक्शन देऊन एका तासाने पुन्हा रक्त घ्यावे लागते आणि त्यात १००० ची रेघ ओलांडली की निदान पक्के. या चाचणीचे २५० मायक्रोग्रॅमचे लघुकाळाचे इंजेक्शन आपल्याकडे सहज मिळत नाही, म्हणून भारतातल्या अनेक केंद्रांत स्नायूत द्यायचे दीर्घकाळाचे एसीटीएच वापरतात. त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा परळच्या केईएमसारख्या अंतःस्राव विभाग असलेल्या रुग्णालयात जावे लागले तरी खेप एकच. त्याच वेळी कॉर्टिसोलही मोजून घ्यावे, म्हणजे आजारपणात स्टेरॉइडचे जादा कवच लागेल की नाही तेही समजते.

१७-ओएचपीसोबत टीएसएच, प्रोलॅक्टिन, टोटल टेस्टोस्टेरॉन आणि डीएचईए-सल्फेट मागावे. पाळी चुकली असेल तर गर्भचाचणीही करावी, मुलीला विश्वासात घेऊन, आईसमोर चारचौघांत नव्हे. बाजारात ‘हार्मोन प्रोफाइल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पॅकेजांत एफएसएच, एलएच असतात, पण १७-ओएचपी नसते. ते चिठ्ठीवर वेगळे लिहावे लागते.

निदान झाले म्हणजे जन्मभर स्टेरॉइड, असे मुळीच नाही. सौम्य प्रकारात मुलीची वाढ पूर्ण झाली असेल आणि तक्रार केस-मुरुमांचीच असेल तर गर्भनिरोधक गोळ्यांनीच बहुधा भागते. मुरुमांना तीन महिने, केसांना किमान सहा महिने द्यावे लागतात, कारण केसाचे चक्रच तेवढे मोठे आहे. हाडांचे वय पुढे पळत असेल, उंची अजून वाढायची असेल, तेव्हा हायड्रोकॉर्टिसोनचा, म्हणजे गोळीतून कॉर्टिसोल देण्याचा, विचार होतो. मेटफॉर्मिन इन्शुलिनवर काम करते, अडलेले दार त्याने उघडत नाही. एक सावधगिरी मात्र महत्त्वाची आहे. नको असलेल्या केसांसाठी स्पायरोनोलॅक्टोन सर्रास दिले जाते. हे औषध अल्डोस्टेरॉनला अडवते. ज्या मुलीची ग्रंथी मीठ धरून ठेवण्यात आधीच कमी पडते आहे तिला ते दिले तर सोडियम घसरते आणि पोटॅशियम चढते. अ‍ॅड्रिनलचा प्रश्न निकालात निघाल्याशिवाय ही गोळी सुरू करू नये.

लग्नाच्या वेळचा मुद्दाही आताच सांगायला हवा. हा आजार आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच होतो. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मुंबईसह पाच शहरांत लाखभर नवजात बाळांची तपासणी केली तेव्हा हा जन्मजात आजार ५७६२ बाळांमागे एक असा आढळला. त्यावरून हिशेब मांडला तर साधारण ३८ माणसांमागे एक वाहक निघतो. अनोळखी घरात लग्न झाले तर धोका कमीच, पण मामाच्या मुलीशी लग्नाची चाल असलेल्या घरांत गणित बदलते. मुलीला आजार आहे म्हणून लग्न मोडायचे कारण नाही, होणाऱ्या नवऱ्याची जनुकीय चाचणी मूल होऊ देण्याआधी करावी, एवढेच. तीव्र प्रकारात कॉर्टिसोल आणि मीठ धरणारे हार्मोन इतके कमी पडते की बाळ दगावू शकते. तो जन्मतःच पकडायला बाळाच्या टाचेतल्या रक्ताचे काही थेंब पुरतात. गोव्याने नवजात तपासणीचा सरकारी कार्यक्रम २००८ मध्येच सुरू केला होता. देशात मात्र ही चाचणी सर्व बाळांना बंधनकारक नाही.

यापुढचा विषय औषधाच्या दुकानात काउंटरवरच्या बरणीशेजारी असतो: गोरेपणासाठीची ट्यूब. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बेक्लोमेथासोन, हॅलोबेटासोल यांपैकी एकही नाव ट्यूबवर बारीक अक्षरांत असले तर ते स्टेरॉइड आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी त्वचेवरची १४ स्टेरॉइड्स स्पष्टपणे शेड्यूल ‘एच’मध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री नाही. प्रत्यक्षात काय चालते ते वाचकांना माहीत आहे. हे मलम महिनोन्महिने चेहऱ्याला लावले की त्वचा पातळ होते, उन्हात आग होते, पुटकुळ्या येतात आणि गालांवर बारीक केसही वाढतात. मग तेच केस आणि त्याच पुटकुळ्या दाखवून मुलीला पीसीओडीच्या तपासणीला नेतात. एका ट्यूबने सुरू झालेला प्रवास सोनोग्राफीपर्यंत जातो आणि ट्यूबबद्दल कोणी विचारतच नाही!

नायट्याची ‘थ्री-इन-वन’, ‘फोर-इन-वन’ मलमे त्याहून वाईट. बुरशीचे, जंतूंचे औषध आणि क्लोबेटासोल एकत्र असते. खाज दोन दिवसांत थांबते म्हणून घरभर एकच ट्यूब फिरते. जांघेची त्वचा पातळ असते, घाम आणि घट्ट कपड्यांनी झाकलेली असते, तिथून औषध रक्तात जास्त शिरते. क्लोबेटासोल दिवसाला दोन ग्रॅम इतक्या कमी प्रमाणातही अ‍ॅड्रिनल ग्रंथी दाबू शकते, कारण बाहेरून स्टेरॉइड मिळू लागले की ग्रंथी स्वतःचे कॉर्टिसोल बनवणे थांबवते. तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी मलमाची रेघ म्हणजे अर्धा ग्रॅम, तेव्हा अशी चार पेरे झाली की दोन ग्रॅम भरले. सलग दोन आठवड्यांहून जास्त आणि आठवड्याला ५० ग्रॅमहून जास्त वापरायचे नाही, ही त्याची मर्यादा आहे. केवळ चेहऱ्यापुरत्या वापराने ग्रंथी झोपण्याची वेळ क्वचित येते. मांड्या, पोट, कंबर अशा मोठ्या भागावर महिनोन्महिने लावले तर येते. भूक आणि वजन वाढवायच्या पुड्या व गोळ्यांत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड मिसळल्याचेही आढळलेले आहे. पुडीवर घटक छापलेले नसतील तर ती घेऊ नये, ‘आयुर्वेदिक’ म्हटले तरी.

अशा मुलीत एक विरोधाभास दिसतो. चेहरा वाटोळा, मानेमागे चरबी, पोटावर जांभळे पट्टे, म्हणजे सगळी लक्षणे कॉर्टिसोल जास्त असल्याची. आणि रक्तातले कॉर्टिसोल मात्र तळाला. कारण बाहेरून आलेले स्टेरॉइड कॉर्टिसोलच्या चाचणीत बहुधा मोजलेच जात नाही आणि तिची स्वतःची ग्रंथी झोपलेली असते. रिपोर्ट पाहून घाबरून मलम किंवा गोळी एका दिवसात बंद करणे हा इथला सर्वांत धोकादायक निर्णय. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा उतरवत आणायची आणि आदल्या दिवशीची गोळी घेतल्यावर किमान २४ तासांनी सकाळी आठचे कॉर्टिसोल बघायचे. २०२४ च्या युरोपीय-अमेरिकी मार्गदर्शिकेनुसार ते १० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल तर ग्रंथी जागी झाली, ५ च्या खाली असेल तर अजून नाही, मध्ये असेल तर काही आठवड्यांनी पुन्हा बघायचे. जागे व्हायला काही महिने लागतात, कधी वर्षही.

शरीरातच कॉर्टिसोल जास्त बनण्याचा खरा कुशिंग आजार विरळा. तो ओळखायला मुलांत एक सोपी कसोटी आहे आणि तिला फक्त भिंतीवरची मोजपट्टी लागते. खाण्याने जाड झालेली मुलगी वयाच्या मानाने उंचही असते. कुशिंगमध्ये वजन वाढते आणि उंची थांबते. मांड्यांवरच्या बारीक गुलाबी-पांढऱ्या रेघा वाढत्या वयात बहुतेक मुलींना येतात, त्यांनी घाबरू नये. एक सेंटिमीटरहून रुंद, गर्द जांभळे पट्टे, सहज उठणारे काळे-निळे डाग, जमिनीवरून उठताना मांड्यांत नसलेली ताकद, हे वेगळे. इथे दुपारी कधीतरी केलेले कॉर्टिसोल निरुपयोगी असते. रात्री ११-१२ वाजता डेक्सामेथासोन १ मिलिग्रॅम द्यायचे आणि सकाळी आठला कॉर्टिसोल १.८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेले की बहुतांशी प्रश्न मिटला. वजन ४० किलोच्या आत असेल तर मात्रा किलोला १५ मायक्रोग्रॅम. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर हा आकडा खोटा चढतो, त्या सहा आठवडे आधी थांबवाव्यात.

ट्यूमरविषयी थोडक्यात. पीसीओएस वर्षांच्या गतीने चालते, ट्यूमर महिन्यांच्या. तीन-चार महिन्यांत केस झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला, कपाळाच्या दोन्ही बाजूंनी केस मागे सरकले, जननेंद्रियाजवळची शिश्निका मोठी झाली, तर वाट बघायची नाही. डीएचईए-सल्फेट ७०० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या पुढे किंवा टेस्टोस्टेरॉन १५०-२०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या पुढे असेल तर अ‍ॅड्रिनल आणि अंडाशयाचे सीटी किंवा एमआरआय त्याच आठवड्यात व्हावे.

आणि रक्तदाब! तेरा वर्षांवरच्या मुलीत १३०/८० किंवा त्याहून जास्त, तीन वेगवेगळ्या भेटींत, म्हणजे तो वाढलेलाच आहे. केस वाढलेत आणि रक्तदाबही वाढलाय, तर कॉर्टिसोलच्या वाटेवरचे दुसरे एक दार, ११-हायड्रॉक्सिलेजचे, अडलेले असू शकते. सोळाव्या वर्षीही पाळी नाही, स्तनांची वाढ नाही, जांघेत केस नाहीत, रक्तदाब जास्त आणि पोटॅशियम कमी, तर १७-हायड्रॉक्सिलेजचे. डोकेदुखी, धडधड, घाम असे झटके येत असतील तर गाभ्याच्या ट्यूमरसाठी मेटानेफ्रिन (अ‍ॅड्रिनॅलिनपासून बनणारा पदार्थ) तपासावे. घशासाठी रोज ज्येष्ठमध चघळण्यानेही रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरते, तेव्हा तेही विचारावे. पाळीच्या तक्रारीसाठी आलेल्या मुलीच्या दंडाला पट्टा बांधायला दोन मिनिटे लागतात.

उलट बाजूचा आजार अ‍ॅडिसनचा, थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ मध्ये वर्णन केलेला. इथे ग्रंथी नष्ट होत जातात. आपल्याकडे क्षयरोग हे त्याचे जुने आणि अजूनही महत्त्वाचे कारण, दुसरे कारण स्वतःच्या प्रतिकारशक्तीचा हल्ला. मुलगी बारीक होते, थकते, सकाळी मळमळते, उठून उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी येते, मीठ-लोणचे मागून मागून खाते. जांघेतले-बगलेतले केस विरळ होतात, पाळी जाते. अशा मुलीला ‘डाएट करतेय’, ‘अभ्यासाचे टेन्शन आहे’ म्हणून सोडले जाते. रंग काळवंडतो, पण सावळ्या मुलीत ते लक्षात येत नाही. म्हणून तळहातावरच्या रेषा, हिरड्या, बोटांची पेरे आणि जुन्या जखमांचे व्रण बघावेत. मानेवरचा मखमली काळा पट्टा वेगळा, तो इन्शुलिनच्या अडथळ्याचा. बोटांची पेरे बी-१२ च्या कमतरतेनेही काळी पडतात आणि शाकाहारी घरांत ते फार दिसते, तेव्हा दोन्ही तपासावे. सकाळी आठचे कॉर्टिसोल ३ मायक्रोग्रॅमच्या खाली, सोडियम कमी, पोटॅशियम जास्त, एसीटीएच वाढलेले, म्हणजे निदान झाले. क्षयरोगाच्या औषधांतले रिफाम्पिसिन कॉर्टिसोल लवकर जाळते. कमकुवत ग्रंथीच्या मुलीला ते सुरू केले आणि हायड्रोकॉर्टिसोन वाढवले नाही, तर टीबीच्या उपचाराच्या पहिल्याच काही आठवड्यांत ती कोसळू शकते.

(‘अ‍ॅड्रिनल फटीग’, म्हणजे ‘ग्रंथी थकल्या’, या नावाने समाजमाध्यमांवर विकल्या जाणाऱ्या पावडरींचा यातल्या कशाशीही संबंध नाही. २०१६ मध्ये ५८ अभ्यासांचा आढावा घेऊन ब्राझीलच्या दोन तज्ज्ञांनी असा आजारच नसल्याचे दाखवले आहे.)

ज्यांना रोज स्टेरॉइड लागतेच, त्या मुलींच्या घरी मात्रेचा हिशेब माहीत असावा. उंची सेंटिमीटरमध्ये गुणिले वजन किलोत, भागिले ३६००, त्याचे वर्गमूळ, म्हणजे शरीराचे क्षेत्रफळ. १५२ सेंटिमीटर उंची आणि ४६ किलो वजनाला ते १.४ चौरस मीटर येते. जन्मजात अतिवृद्धीच्या तीव्र प्रकारात वाढत्या वयात दर चौरस मीटरला १० ते १५ मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन लागते, म्हणजे या मुलीला दिवसाला १४ ते २१, तीन भागांत, पहिला भाग उठल्याबरोबर. वयात येताना शरीर कॉर्टिसोल लवकर बाहेर टाकते आणि नेमके त्याच वयात मुली गोळ्या बुडवतात. पाळी बिघडण्याचे कारण बऱ्याचदा इथेच असते. मीठ धरणारी फ्लुड्रोकॉर्टिसोन चालू असेल तर उपवासालाही ती चुकवू नये. उपवासाच्या सैंधवातही सोडियमच असते, ते खायला हरकत नाही. विदर्भातल्या मे महिन्यात आणि मैदानावरच्या सरावात जादा मीठ-पाणी लागते.

ताप ३८ अंश सेल्सियसच्या पुढे गेला की हायड्रोकॉर्टिसोनची मात्रा दुप्पट, ३९ च्या पुढे तिप्पट, ताप उतरून एक दिवस होईपर्यंत. गोळीनंतर अर्ध्या तासात उलटी झाली तर पुन्हा द्यावी, पुन्हा उलटी झाली तर गोळ्यांचा नाद सोडून इंजेक्शन. बोर्डाच्या पेपरला किंवा पाळीच्या दिवसांत जादा मात्रा लागत नाही. हायड्रोकॉर्टिसोनची १०० मिलिग्रॅमची कुपी दम्यासाठी जवळपास प्रत्येक दवाखान्यात असते, पण उलट्यांनी गळालेल्या मुलीला ती द्यायचे सुचत नाही. उलटी थांबवायचे इंजेक्शन आणि पाच टक्क्यांचे नुसते ग्लुकोज लावले जाते. त्यात मीठ नसल्याने घसरलेले सोडियम आणखी घसरते. मिठाचे सलाइनच लावावे, साखर कमी असेल तर त्यातच डेक्स्ट्रोज मिसळावे.

शाळांमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून जातात, किशोरवयीनांसाठी राज्यात ‘मैत्री’ क्लिनिक आहेत. या दोन्ही ठिकाणी सातवी ते बारावीच्या मुलींची उंची आणि रक्तदाब वर्षातून दोनदा नोंदवावेत, आणि उंची भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०१५ च्या तक्त्यावर ठिपका देऊन मांडावी. नुसता आकडा लिहून वाढ थांबल्याचे दिसत नाही, दोन ठिपके जोडले की दिसते. सोबत दोन प्रश्न: शेवटच्या तीन पाळ्यांच्या तारखा कोणत्या, आणि चेहऱ्याला किंवा अंगाला कोणती ट्यूब लावतेस. ट्यूब घेऊनच यायला सांगावे.

आणि ज्या मुलींचे निदान झाले आहे त्यांच्या दप्तरात, ओळखपत्राच्या मागे, पुढचा मजकूर मराठीत व इंग्रजीत लिहून ठेवावा. बारा वर्षांवरच्या मुलींसाठी तो असा: ‘माझ्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी पुरेसे कॉर्टिसोल बनवत नाहीत. उलट्या, गुंगी, अपघात किंवा शस्त्रक्रिया असेल तर आधी हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम शिरेतून किंवा मांडीच्या स्नायूत द्या, मग मिठाचे सलाइन लावा, त्यानंतर साखर, सोडियम, पोटॅशियम तपासा. रिपोर्टसाठी इंजेक्शन थांबवू नका.’ खाली घरचा फोन नंबर आणि रोजच्या गोळीची मात्रा.

आपले,
किशोरवयीन मुलींच्या हार्मोन तपासणीचे काम करणारे काही डॉक्टर, पुणे